खुलासा : चिलिन हा प्राणी भूतानचा राजा निवडत नाही

'पवित्र चिलिन ज्याच्यापुढे झुकतो तोच भूतानचा राजा, अशी तिथली जुनी प्रथा आहे,' हा फिरणारा मजकूर खरा नाही. हे दृश्य २०२२च्या 'फॅन्टास्टिक बीस्ट्स' चित्रपटातलं. तिथेही निवड होते ती जादूगारांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या प्रमुखाची. चिलिन तर मुळात चिनी पुराणकथांमधला प्राणी. भूतानचा स्वतःचा द्रुक, म्हणजे मेघगर्जनेचा ड्रॅगन, त्यांच्या ध्वजावर आहे, आणि राष्ट्रीय प्राणी ताकिन हिमालयात खराखुरा चरतो! एवढं असताना उसनी दंतकथा त्यांच्या माथी का मारायची? १९०७ साली उग्येन वांगचुक पहिले राजे झाले. तेव्हापासून गादी त्यांच्याच वंशात आहे. मार्च २००८मध्ये भूतानी मतदारांनी राष्ट्रीय सभेचे सदस्य पहिल्यांदा निवडले, मतदान करून.