शेळी करडू का नाकारते : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कोकणातल्या शेळीपालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश वारंवार फिरतो. त्याचे म्हणणे असे : नवजात करडाला माणसाचा हात लागला की आई त्याला टाकते, वार (व्याल्यानंतर बाहेर पडणारे गर्भाचे वेष्टन) पडेपर्यंत चीक म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले दूध पाजू नये, नाकारलेले करडू कळपात सोडावे, कुठली तरी शेळी त्याला पाजतेच, आणि करडू झुडपात ठेवून चरायला जाणाऱ्या शेळीला मायाच नसते. ही चारही विधाने चुकीची आहेत.

हाताचा मुद्दा लोकांना पटतो, कारण त्यात थोडे तथ्य आहे. शेळी आपले करडू मुख्यतः वासावरून ओळखते. मात्र ही ओळख ती व्याल्याबरोबर करडाच्या अंगावरचा चिकटा चाटते तेव्हा पक्की होते. अमेरिकेत पीटर क्लॉप्फर आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जन्मानंतर लगेच केवळ पाच मिनिटे करडू जवळ मिळालेल्या शेळ्यांनी ते नंतर काही काळ दूर नेऊनही स्वीकारले. तेवढा सहवासही न मिळालेल्या बहुतेक शेळ्यांनी मात्र ते नाकारले. दोष हाताचा नसून ताटातुटीचा आहे. आपल्याकडे घडते ते असे, की बाहेर पाऊस कोसळत असतो म्हणून करडू उचलून चुलीजवळ नेतात, गोणपाटाने खसाखसा पुसून कोरडे करतात, दोनेक तासांनी गोठ्यात परत आणतात, आणि आईने ढुशी दिली की खापर हातावर फुटते. त्यापेक्षा नाकातोंडातला चिकटा काढून, नाळेला टिंक्चर आयोडीन लावून करडू तिच्या तोंडापुढे ठेवावे आणि बाकीचे अंग तिलाच चाटू द्यावे. तरीही ती पाजू देत नसेल, तर आधी कास चाचपावी. कास गरम व कडक असेल किंवा सड चिरलेला असेल, तर शेळी वेदनेने लाथ मारते आणि आपण तिला निर्दय ठरवतो.

चिकाविषयीचा सल्ला तर सरळ घातक आहे. शेळीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची करडाच्या आतड्याची क्षमता तासागणिक घटत २४ तासांत जवळजवळ संपते. दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवशी सुमारे २०० मिली चीक जायला हवा, आणि त्यातला पहिला घोट शक्यतो पहिल्या तासातच. सडाच्या तोंडाशी घट्ट बूच बसलेले असते. दोन धारा काढून ते मोकळे करून द्यावे. शिवाय करडू लुचू लागले की शेळीच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. बारा तासांनंतरही वार अडकलेली असेल तर ती न ओढता पशुवैद्यकाला बोलवावे.

कळपात सोडण्याविषयी : शेळी परक्या करडाच्या शेपटीखाली हुंगते आणि त्याला शिंगाने उडवते. सिंधुदुर्गातल्या कोकण कन्याळ शेळ्यांना जुळी होणे नवलाचे नाही, आणि दाटीच्या गोठ्यात त्यांतले एक भरकटले की त्याचे हाल होतात. म्हणून झावळ्यांचा आडोसा करून चार-पाच फुटांचा कोरडा कप्पा करावा आणि त्यात आई व करडे दोन-तीन दिवस वेगळी ठेवावीत. पहिल्या वेताची शेळी बावचळलेली असेल, तर तिला बांधून, एकाने धरून, दिवसातून चार-पाच वेळा करडू लावावे. बहुतेक शेळ्या काही दिवसांत वळतात. जी वळत नाही तिचे दूध काढून बाटलीने पाजावे, पण करडू करडांतच ठेवावे. पोरके करडू दुसरीला लावायचे असेल, तर ती विते त्याच वेळी, तिच्याच चिकट्यात ते भिजवून लावावे.

राहिला झुडपाचा आरोप. शेळीची करडे पहिले काही दिवस आडोशाला निपचित पडून राहतात आणि आई चरून येऊन त्यांना पाजते, हा त्यांचा जातिस्वभाव आहे. करवंदीच्या जाळीत असे करडू दिसले तर उचलू नये. आसपास भटकी कुत्री नाहीत एवढे पाहावे.