काथवटीजवळचा पक्षी
एका लेखात वाचलं की ‘मॅबिनोगी’च्या, म्हणजे चार शाखांत (भागांत) सांगितलेल्या मध्ययुगीन वेल्श कथा आजच्या वाचकाला कोरड्या वाटतात. मला नाही वाटत. दुसऱ्या शाखेतली ब्रानवेन बघा, ब्रिटनच्या राजाची बहीण. आयर्लंडच्या राजाने, तिच्या नवऱ्याने, तिला मुदपाकखान्यात राबायला लावलंय, खाटीक रोज तिच्या कानशिलात मारतो. तीन वर्षं ती काथवटीच्या काठावर एक स्टार्लिंग (आपल्या भोरडीच्या कुळातला पक्षी) वाढवते, त्याला भाषा शिकवते, पंखाला पत्र बांधून वेल्समध्ये भावाकडे धाडते. त्या तीन वर्षांतल्या तिच्या रडण्याबद्दल कथाकार अवाक्षरही काढत नाही. भाऊ सैन्य घेऊन येतो, मग युद्ध. त्याच्या सैन्यातले परततात फक्त सातजण, आठवी ती. वेल्सच्या अँगलसी बेटावर उतरून ती आयर्लंड आणि ब्रिटन, दोन्ही बेटांकडे बघते आणि तिथेच तिचं काळीज फाटतं. हे पान मी दरवेळी हळू वाचते.