अटॅक्सियावर व्हिटॅमिन ई: तो फॉरवर्ड आता पुरे

"अटॅक्सिया हा गोऱ्या लोकांचा आजार, बाकीच्यांत नात्यात लग्न झालं तरच होतो, व्हिटॅमिन ई घ्या तीन महिन्यांत तोल परत येतो, फिजिओवर पैसे घालवू नका, अमेरिकेत गोळी आलीय पण डॉक्टर लपवतात." हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावसभावाच्या घरी पोचला. अटॅक्सिया म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ बिघडणं. दादाला त्यातला एससीए-२ हा आनुवंशिक प्रकार आहे, जेनेटिक टेस्टमध्ये स्पष्ट आलंय. वहिनींनी कॅप्सूल आणल्या आणि व्यायाम बंद केला. नाहीतर असल्या मेसेजला कोण उत्तर देत बसतं.

गोऱ्यांचा आजार? फ्रेडरिक्स नावाचा अटॅक्सिया युरोपियन वंशात जास्त आणि पूर्व आशियात जवळपास नाहीच, एवढंच खरं. पण तो एक प्रकार झाला. एससीए-२ चं प्रमाण जगात सगळ्यात जास्त क्युबातल्या होल्गिन प्रांतात, एससीए-३ पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर, डीआरपीएलए नावाचा आणखी एक प्रकार जपानमध्ये, आणि एससीए-१२ तर मुख्यतः भारतात, त्यातही अग्रवाल समाजात. प्रदेशावरून आधी कुठली टेस्ट करायची ते ठरवतात, कोणाला होणारच नाही ते नाही. (आणि हो, नेहमीच्या एक्झोम टेस्टमध्ये, म्हणजे बऱ्याच जीन्स एकदम वाचणाऱ्या तपासणीत, हे रिपीटवाले (जीनमधला एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा येऊन लांबलेले) प्रकार बरेचदा सुटतात, त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून निश्चिंत होऊ नका.)

नात्यातलं लग्न: रिसेसिव्ह प्रकारांत, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच होणाऱ्या, धोका वाढतो, मान्य. पण एससीए डॉमिनंट आहेत, एकाकडून आलेला बिघडलेला जीन पुरतो, म्हणून लग्न नात्यात असो वा नसो, आईबापांपैकी एकाला असला तरी प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. विषय संपला.

आता व्हिटॅमिन ई. राग येतो तो इथे, कारण यात थोडं खरं आहे. एव्हीईडी नावाचा एक प्रकार आहे, ट्युनिशिया आणि उत्तर आफ्रिकेत जास्त दिसणारा, वरवर अगदी फ्रेडरिक्ससारखाच. त्यात टीटीपीए जीन बिघडल्यामुळे यकृताला व्हिटॅमिन ई रक्तात पाठवता येत नाही. जीनरिव्ह्यूज हा आनुवंशिक आजारांवरचा ऑनलाइन संदर्भग्रंथ कोणालाही फुकट वाचता येतो, त्यात सरळ लिहिलंय की यावर जन्मभर मोठ्या डोसमध्ये व्हिटॅमिन ई हाच उपचार, आणि लवकर सुरू केलं तर आजार थांबतो. पण हे रक्तातली लेव्हल तपासून कळतं, मेसेज वाचून नाही! दादाचा दोष एटीएक्सएन-२ जीनमधल्या वाढलेल्या सीएजी रिपीटचा (सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं), तिथे कितीही कॅप्सूल गिळल्या तरी रिपीट कमी होणार नाहीत, उलट रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मोठ्या डोसने रक्तस्रावाचा धोका. आणि ज्या फिजिओला खर्च म्हणतायत त्या तोल-समन्वयाच्या व्यायामांनीच चालणं सुधारतं हे अभ्यासांत दिसलंय, थांबवलं की फायदा ओसरतो.

ती गोळी कोणी लपवली नाही. ओमाव्हेलोक्सोलोन, अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर, युरोपात २०२४ मध्ये. फक्त फ्रेडरिक्ससाठी, वय १६ च्या पुढे, आणि तीही आजार बरा करत नाही, वेग कमी करते. अमेरिकेत वर्षाचा खर्च साडेतीन लाख डॉलरच्या वर, त्यामुळे फ्रेडरिक्स असलेल्या कित्येकांच्याही ती हाताबाहेर आहे. दादाला तर ती लागूच नाही.