राखमानिनोव्हची चाल आणि 'ऑल बाय मायसेल्फ' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया एवढी सविस्तर लिहिलीत, तर उत्तरही नीट देतो. अमेरिकन गायक एरिक कारमेनचं 'ऑल बाय मायसेल्फ' हे गाणं 'सरळ सरळ चोरी' आहे आणि रशियन संगीतकार राखमानिनोव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोचं (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचं) त्यात 'रडगाणं' झालंय, असं तुमचं म्हणणं. पहिल्या आक्षेपातला काही भाग मला मान्य आहे, दुसरा मुळीच नाही.

चोरीचं आधी उरकतो. गाणं 1975 चं. राखमानिनोव्ह 1943 मध्ये गेला. त्याच्या संगीतावर आता कुणाचा हक्क नाही, अशी कारमेनची समजूत होती. अमेरिकेपुरतं ते खरंही होतं, बाहेर मात्र नव्हतं. वारसांकडून विचारणा झाली आणि उत्पन्नाचा 12 टक्के वाटा त्यांना द्यायचं ठरलं. हे आधीच व्हायला हवं होतं, यात वादच नाही. राखमानिनोव्हनं स्वतः 1934 मध्ये इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीच्या चालीवर रॅप्सडी (मोकळ्या बांधणीची रचना) रचली तेव्हा पागानिनीचं नाव शीर्षकातच घातलं होतं. पण श्रेय न देणं वेगळं आणि चालीचं वाटोळं करणं वेगळं.

आता मूळ कृती. दुसरा भाग, अदाज्यो, म्हणजे संथ लयीतला. तारवाद्यं सी मायनर या उदास स्वररचनेतून हलकेच ई मेजर या उजळ स्वररचनेत येतात, पियानो सुटे सूर लावत राहतो आणि चाल आधी बासरीकडे, मग क्लॅरिनेटकडे जाते. पियानोचा कॉन्चेर्टो, आणि इथे पियानोच साथीला! चाल जवळपासच्या सुरांतच घुटमळते. 1897 मध्ये पहिली सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) सपशेल पडल्यावर राखमानिनोव्ह पार खचला होता. डॉक्टर निकोलाय दाल यांच्या उपचारांनंतर त्यानं हा कॉन्चेर्टो पुरा केला आणि त्यांनाच अर्पण केला. मला तर हा भाग नुकत्याच सावरू लागलेल्या माणसाचा वाटतो.

कारमेननं कडव्यांसाठी घेतलं ते हे घुटमळणं. तरुणपणी कुणाची गरज भासली नाही, आता फोन फिरवावा तर कुणी घरी नाही, असं सांगणारा माणूस या चालीवर गातो कमी, बोलतो जास्त. आणि धृपद? ते राखमानिनोव्हचं नाहीच. ते कारमेनच्याच रास्पबेरीज बँडच्या 'लेट्स प्रिटेंड' या आधीच्या गाण्यातून आलंय. तिथे आवाज एकदम वर जातो. आतल्या आत कुढणारं कडवं आणि न राहवून उसळणारं धृपद यांचा सांधा हीच या गाण्याची जान आहे, आणि तो सर्वस्वी कारमेनचा. आत्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रात वादक असलेल्या घरात तो वाढला होता. हे संगीत त्याला परकं नव्हतं.

आपल्याकडे रागदारी चिजांवर नाट्यपदं बांधणाऱ्या भास्करबुवा बखल्यांना कुणी चोर म्हणत नाही, कारण चीज रंगभूमीवर आली की तिचं काय झालं हे आपण ऐकतो. इथेही तेवढं तरी ऐकावं.

राहता राहिलं 'रडगाणं'. 'शेवटची किंकाळी' असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून तुमच्या कानात गायिका सेलिन दिओननं गायलेलं याच गाण्याचं 1996 चं रूप असावं. कारमेनचं ऐका, आणि रेडिओसाठी कापलेलं नको, अल्बममधलं सात मिनिटांहून मोठं ऐका. मध्ये बराच वेळ गाणारा गप्प असतो, फक्त वाद्यं बोलतात. त्यानंतरही रडगाणंच वाटलं तर जरूर लिहा, पण नेमक्या कुठल्या ओळीवर वाटलं तेही कळवा.