२५ जून १९८२: एकाच शुक्रवारी दोन आपटले

हल्ली शुक्रवारी सिनेमा लागतो आणि रविवारी रात्री फेसबुकवर त्याचा निकालही लागतो. अमक्याने इतके कोटी केले, तमका झोपला. सिनेमात आहे काय, ते नंतर, सवड मिळाली तर. या आकडेबहाद्दर मंडळींनी एकदा हॉलिवूडचा १९८२चा उन्हाळा बघावाच.

११ जूनला स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला. खर्च साधारण १ कोटी डॉलर, आणि पहिल्या तीन दिवसांतच गल्ला त्याच्या वर. दुसऱ्या आठवड्यात सहसा उतार लागतो, इथे गल्ला वाढला! माणसं घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगत होती, दुसरं काय. वर्षभराहून जास्त तो अमेरिकेत ठाण मांडून होता. त्या पहिल्याच फेरीत ३५ कोटी डॉलरच्या आसपास कमावून त्याने 'स्टार वॉर्स'लाही मागे टाकलं.

दोनच आठवड्यांनी, २५ जूनला, जॉन कारपेंटरचा 'द थिंग' आणि रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' एकाच दिवशी लागले. 'द थिंग' तर 'ई.टी.' काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओचाच. एका पडद्यावर घरी जायला आसुसलेला गोड परग्रहवासी, दुसऱ्यावर अंटार्क्टिकात माणसं गिळून त्यांचंच रूप घेणारा. डोळे पुसत बाहेर पडलेल्या पब्लिकला हा दुसरा पाहुणा कसा पचावा? समीक्षकांनीही झोडपला. एन्नियो मॉरिकोने या जगभर नावाजलेल्या इटालियन संगीतकाराच्या संगीताला तर 'रॅझी' या टर उडवणाऱ्या पुरस्कारात वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताचं नामांकन मिळालं. मॉरिकोनेला! यावर काय बोलणार.

'ब्लेड रनर'चं दुखणं वेगळं. आधीच्या चाचणी खेळांत लोक गोंधळले म्हणून निर्माते घाबरले. हॅरिसन फोर्डच्या आवाजातलं निवेदन घुसवलं, शेवट गोड केला. तरी पावणेतीन कोटी डॉलरच्या आसपास खर्चून जेमतेम तेवढाच गल्ला झाला, आणि त्यातला वाटा थिएटरवाल्यांचा. पुढे व्हिडिओ कॅसेटवर दोन्ही सिनेमांना त्यांचे प्रेक्षक मिळाले. १९९२मध्ये 'ब्लेड रनर' ते निवेदन आणि तो शेवट काढून पुन्हा प्रदर्शित झाला. आज पावसात भिजलेलं, निऑनने उजळलेलं भविष्यातलं शहर कुणीही दाखवलं की आठवण त्याचीच येते.

आता 'आपटला म्हणजे भारीच असणार' म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच वैताग आहे. 'ई.टी.'ला गर्दी करणारे लोक चुकले नव्हते, तो उत्तमच सिनेमा आहे. माझं म्हणणं एवढंच, की गल्ला त्या महिन्यातल्या माणसांची मनःस्थिती सांगतो आणि शेजारच्या पडद्यावर काय लागलं होतं ते सांगतो. सिनेमाची कुंडली त्यातून मांडू नये.

आणि ऑस्करचं म्हणाल, तर तिथेही 'ई.टी.'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला नाही. तो गेला ॲटनबरोंच्या 'गांधी'ला. 'गांधी'ने एकूण ८ ऑस्कर नेले. कलादिग्दर्शनात 'ब्लेड रनर' त्याच्यापुढे हरला. वेशभूषेत डिस्नेचा चकाकत्या पोशाखांचा 'ट्रॉन' स्पर्धेत होता. तिथे खादीने बाजी मारली आणि जॉन मोलो यांच्यासोबत ते ऑस्कर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी घेतलं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं. रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबांच्या भूमिकेसाठी बाफ्टा हे ब्रिटिश चित्रपट पारितोषिक मिळालं, तेही याच सिनेमाचं.