किल्ली तालुक्याला, लाईट डीपीत आन् शेरा माझ्या वहीत

"तंत्रज्ञानाचा वापर आढळून आला नाही."

लाल पेननं, खाली दोन रेघा मारून. माझ्या पाठाच्या वहीत. मी शिक्षक व्हायचं शिकायले, सध्या झेडपीसारख्या शाळेत सरावाचे पाठ घेते आन् आमच्या कॉलेजचे सर ते तपासायला येतात. शेरा मारला, सही ठोकली, गाडीला किक मारली आन् सर गेले बी, मी आपली वही धरून व्हरांड्यात उभी.

आढळून येईल कसा ओ सर? टीव्ही हाय की वर्गात, ४३ इंची. प्लॅस्टिकचं कव्हर काढलेलं नाही, उद्घाटनाचा हार वाळून त्याच्यावर तसाच, आन् हे सगळं लोखंडी जाळीच्या कपाटात, वरून कुलूप. किल्ली हेडसरांकडं. हेडसर तालुक्याला मीटिंगला. वर्गावरचे गुरुजी म्हणले, मॅडम, आम्ही सुद्धा हात लावत नाही, चोरी झाली तर भरपाई आमच्याच पगारातून. त्यांचंही खोटं नाही, मागं शेजारच्या गावात शाळेचा कॉम्प्युटर उचलून नेला तर पोलिसांनी आधी गुरुजींनाच बसवून ठेवलं. पण मग टीव्ही घेतला कामून? गणपतीसारखा दहा दिवस बसवून विसर्जन तरी करायचं.

बरं, माझी तयारी नव्हती असं बी नाही. तिसरीचं गणित, घड्याळ. सव्वा, साडे, पावणे. पोरांना पावणेचा लई घोळ होतो, कारण घरी भिंतीवर घड्याळच नाही, मोबाईलवर ३:४५ दिसतं, त्याचा आन् पावणेचारचा काय संबंध हे लेकरानं कुठून काढावं. म्हणून रात्र रात्र जागून पीपीटी केली. काटा फिरतो, पाऊण भाग रंगत जातो, आन् शेवटी चिमणी येऊन वेळ सांगते. त्या चिमणीची चोच हलवायला किती वेळ गेला ते सांगत नाही, आई म्हणली, एवढ्या वेळात खरी चिमणी बोलती झाली असती. पीपीटी पेन ड्राईव्हमध्ये, तिचाच व्हिडिओ करून मोबाईलमध्ये, वरून पुठ्ठ्याचं घड्याळ हातात. अजून काय आणायचं होतं, सॅटेलाईट?

हेडसर आले एकदाचे. कुलूप उघडलं, हार बाजूला केला, पिन लावली, टीव्हीचा लाल दिवा लागला, लेकरांनी टाळ्या वाजवल्या आन् लाईट गेली. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली म्हणे. आता ऑईल येणार, मग वायरमन येणार, मग गावातून वर्गणी, म्हणजे आठवड्याची निश्चिंती. छतावर सोलर आहे, लोकवर्गणीतून बसवलेलं, त्याची बॅटरी कधीच बसली, प्लेटांवर मिरच्या वाळू घातल्यात. शाळेच्या भिंतीवर मात्र ऑईल पेंटनं "डिजिटल शाळा". २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा जीआर आला, त्याच्या मागंपुढं रंगवलेली असावी, आता नुसतं "डिजि ळा" वाचता येतं.

सर मनगटाकडं बघायलेत. म्हणले, करा चालू.

केला की चालू! मोबाईल काढला, लेकरांना गोल बसवलं बस्करावर, चार-चार जणांना व्हिडिओ दाखवत फिरले, बाकीच्यांच्या हातात पुठ्ठ्याचं घड्याळ. लेकरं काटे फिरवायलीत, भांडायलीत, एक पोरगं म्हणतंय, बाई पावणेदहाला आमच्या फाट्यावर एसटी येती, मी म्हणलं दाखव मग, त्यानं बरोब्बर छोटा काटा दहाच्या जरा अलीकडं ठेवला. नऊवर नाही, दहाच्या अलीकडं! हे ज्यानं तिसरीला शिकवलंय त्यालाच कळंल. मी खूश. मागं बघते तर सर खिडकीतून बाहेर त्यांच्या गाडीच्या सीटवर ऊन आलं का ते बघायलेत.

आन् पाठ झाल्यावर काय म्हणावं? "मोबाईल हे तंत्रज्ञान नसते. वर्गात मोबाईल म्हणजे शिस्तभंग आहे. पीपीटी दिसली पाहिजे."

मोबाईल तंत्रज्ञान नाही!! मग इंटर्नशिपला आल्यापासून मी याच मोबाईलवर काय करायले? खिचडीची रोजची नोंद कोण भरतंय? यूडायसची म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती, लेकरांचे ओळख नंबर म्हणजे अपार आयडी, आधारवरचं नाव आन् रजिस्टरवरचं नाव जुळवणं, झाडाचा फोटो, हात धुण्याचा फोटो, फोटोवर तारीख आन् लोकेशन आलं पाहिजे म्हणून उन्हात उभं राहून पुन्हा काढलेला फोटो? "मॅडम तुम्ही नवीन पिढी, तुम्हाला जमतं" म्हणत सगळं माझ्या गळ्यात. नेटपॅक माझा. शाळेत रेंज नाही म्हणून हापशाजवळच्या लिंबाखाली जाऊन अपलोड करायचं. तेव्हा हाच मोबाईल तंत्रज्ञान असतो, सरकारी काम असतं. वरच्यांना पाठवायचं असलं की चालतो, लेकराला दाखवला की शिस्तभंग.

शाळेतलं सगळं तंत्रज्ञान वरच जातं, खाली बस्करापर्यंत काही येत नाही. ऑफिसातला कॉम्प्युटर पगारबिलापुरता. त्याच्या माऊसमधला सेल काढून ऑफिसच्या घड्याळात घातलाय, का तर वेळेवर घरी जाता आलं पाहिजे. आन् वर्गात घड्याळच नाही, ज्या वर्गात मी घड्याळ शिकवायले!

आमच्या कॉलेजचं तर बोलायलाच नको. आयसीटीची, म्हणजे शिकवण्यात कॉम्प्युटर-मोबाईल कसा वापरायचा त्या विषयाची, फाईल हातानं लिहायची. हातानं! टाईप केलेली चालत नाही, "कॉपी होते". पीपीटीच्या स्लाईडींचे कलर प्रिंट काढून फाईलला चिकटवायचे, एक प्रिंट दहा रुपये, नेट कॅफेवाला आता मला बघितलं की लांबूनच हसतो. चिमणीची चोच प्रिंटमध्ये कशी हलणार ते सरांनाच ठाऊक. आन् प्रत्येक तासाला डिसले गुरुजींचं उदाहरण. गुरुजी मोठाच माणूस, २०२० चं ग्लोबल टीचर प्राईज, दहा लाख डॉलर, त्यातले अर्धे बाकीच्या फायनलिस्टना वाटून टाकले, पुस्तकातल्या क्यूआर कोडची सुरुवात त्यांच्यापासनं, सगळं मान्य. पण त्यांचं नाव घेणाऱ्या माणसानं स्वतः एकदा तरी तो कोड स्कॅन करून बघावा की. पुस्तकातले ते कोड ज्यात उघडतात ते सरकारी दीक्षा ॲप २०१७ चं, आमच्या एका प्राध्यापकांनी ते उघडून दाखवा म्हणल्यावर गॅलरी उघडली.

आमची एक मैत्रीण याहून शहाणी, तिनं एआयकडून पाठ टाचण लिहून घेतलं. त्यात होतं, "विद्यार्थ्यांना टॅबलेटचे वाटप करावे व समुद्रकिनाऱ्याच्या सहलीची आठवण करून द्यावी." परभणी जिल्ह्यात समुद्रकिनारा! तिला दहापैकी नऊ. अक्षर चांगलं आहे तिचं.

आता मी चिडते लवकर हे मान्य. आई म्हणते, हिच्या नाकावर राग नाही, पूर्ण खिचडीचं पातेलंच ठेवलेलं असतं. काल घरी येऊन मी स्टेटस टाकलं, "तंत्रज्ञानाचा जय असो", खाली तीन आगीचे इमोजी, मग आठवलं की सर माझं स्टेटस बघतात, पाच मिनिटांत डिलीट. क्रांती संपली. त्याच सरांना रात्री "गुड नाईट सर, मार्गदर्शनाबद्दल धन्यवाद" पाठवलं, कारण अंतर्गत गुण त्यांच्या हातात. ब्लू टिक आली, उत्तर नाही.

आन् एवढं करून पुढं काय? टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा द्या, मग टेट म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी द्या. टेट २०१७ ला झाली, त्याच्यानंतर थेट २०२३ ला, मधी पोरींची लग्नं झाली, लेकरं शाळेत गेली. ती परीक्षा बाकी पूर्ण ऑनलाईन हं, तिथं माऊसमध्ये सेल असतो.

पाठ परत घ्यायचाय मंगळवारी. डीपीचं अजून ठरंना, वायरमन म्हणतो बघू. ग्रुपवर पोरी सल्ले द्यायल्यात, पॉवर बँक आण, इन्व्हर्टर आण. शेवटी मामाच्या पोराला फोन केला, त्याचा डीजे आहे, लग्नसराई नाही त्यामुळं जनरेटर रिकामाच हाय म्हणला, टेम्पोसकट शाळेत आणून लावतो, डिझेल तेवढं तुझं. मी हो म्हणलंय. फक्त एक अट घातलीय, पाठ संपेपर्यंत गाणं लावायचं नाही. तो म्हणतो, मग लेकरं येणार कशाला?