कायमदुवा राहून गेला

ब्लॉगची ओळख करून देणाऱ्या तुमच्या लेखात ब्लॉगचे भाग सांगताना शीर्षक, नोंदी, प्रतिक्रिया, बाजूपट्टी इथपर्यंत छान लिहिलंय. पण प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र, कायमचा दुवा, म्हणजे पर्मालिंक, याचा उल्लेखच नाही. माझ्या मते ब्लॉगचा कणा तोच. मुखपृष्ठावर नवी नोंद वर येते आणि जुनी खाली सरकत जाते. कुणाला तीच जुनी नोंद दाखवायची तर हा दुवाच लागतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना याचा वेगळाच त्रास आहे. ब्लॉगस्पॉटवर, म्हणजे गूगलच्या ब्लॉगसेवेवर, देवनागरी शीर्षक दिलं की नोंदीच्या वेबपत्त्यात त्यातलं एक अक्षरही येत नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा. आईच्या पाककृतींच्या ब्लॉगवर उकडीचे मोदक, अळूवडी, पुरणपोळी, सगळ्यांचे पत्ते असेच सारखे. दुव्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. उपाय सोपा आहे: नोंद प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक रोमन लिपीत स्वतः लिहायची. शीर्षक मराठीच राहतं. एकदा प्रसिद्ध झाल्यावर मात्र पत्ता बदलू नका, लोकांनी जपून ठेवलेले दुवे तुटतात.

आणि प्रतिक्रियांना लेखात एकच ओळ? मोदकांच्या त्या नोंदीखाली एका बाईंनी लिहिलं होतं, "पिठी नव्या तांदळाची असेल तर पाणी जरा कमी घ्या." आई आजही उकड काढताना तेच करते. मूळ नोंदीत हे नव्हतंच.

पुढच्या भागात आरएसएस फीडबद्दलही, म्हणजे ब्लॉगवरच्या नव्या नोंदी आपोआप वाचकापर्यंत पोचवणाऱ्या सोयीबद्दलही, जरूर लिहा. 2013 मध्ये असे फीड वाचायचं गूगल रीडर बंद झाल्यापासून नव्या वाचकांना ती सोयच माहीत नाही.